इंग्लंडच्या कालव्यांवरील नॅरोबोट : खरेदी आणि निगा कशी करावी

इंग्लंड आणि वेल्समधील जुने कालवे आपल्या नीरा किंवा मुठा कालव्यांप्रमाणे शेतीला पाणी पुरवण्यासाठी खणलेले नाहीत. कोळसा, चिनीमाती आणि लोखंड वाहून नेण्यासाठी अठराव्या शतकापासून ते खणले गेले, आणि मालवाहतूक आधी रेल्वेकडे व पुढे रस्त्यांकडे गेल्यावर आता तेथे बहुतांशी हौसेच्या आणि राहत्या बोटी फिरतात. यांपैकी सुमारे २,००० मैलांचे जाळे २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते. लंडनसारख्या शहरात घरभाडे डोईजड झाले की नॅरोबोटीत, म्हणजे या कालव्यांतून जाणाऱ्या लांब, अरुंद बोटीत, राहण्याचा विचार मनात येणे साहजिक आहे. मात्र बोट म्हणजे वर्षानुवर्षे पाण्यात उभी असलेली पोलादी वस्तू असते आणि पाणी व गंज तिला कधी सुटी देत नाहीत. म्हणून आतील सजावट आणि रंगरंगोटी पाहून भुलण्याआधी पाण्याखालच्या पत्र्याची काय अवस्था आहे, हे पाहावे.

बोट निवडताना

पहिली गोष्ट, खरेदीपूर्वी एखादी बोट आठवडाभर भाड्याने घ्यावी, आणि ती शक्यतो मार्च किंवा ऑक्टोबरमध्ये घ्यावी. जूनमधल्या लख्ख उन्हात कोणतीही बोट आवडते. पावसात भिजत सुकाणूशी उभे राहून, चिखलातून पाण्याची नळी ओढून आणि शौचालयाची टाकी स्वतः रिकामी करूनही जिची हौस टिकते, त्या व्यक्तीने पुढे जावे.

त्यानंतर लांबी ठरवावी. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या काळात मिडलंड्समधील (मध्य इंग्लंडमधील) लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, सुमारे ७ फूट रुंदीचे बांधले गेले, म्हणून नॅरोबोटीची रुंदी आजही ६ फूट १० इंच असते. लांबी जास्तीत जास्त ७२ फुटांपर्यंत जाते. परंतु उत्तरेकडील काही कालव्यांचे लॉक आखूड असल्याने तेवढी बोट सगळीकडे जाऊ शकत नाही. जवळजवळ संपूर्ण जाळे फिरायचे असेल तर ५७ फुटांची बोट योग्य समजली जाते. रुंद बोटीत राहण्यास ऐसपैस जागा मिळते, पण अरुंद लॉकमध्ये ती शिरतच नाही, आणि देशाच्या एका भागात अडकून पडण्याची तयारी ठेवावी लागते.

तपासणी आणि व्यवहार

जुनी बोट पाण्याबाहेर काढून, स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून (बोटींच्या तपासनिसाकडून) तपासून घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विक्रेत्याने दाखवलेला जुना अहवाल वाचावा, मात्र त्यावर विसंबू नये. अलीकडच्या बहुतेक बोटींमध्ये तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूंचा ६ आणि वरच्या केबिनचा ४ मिलिमीटर जाडीचा असतो. जुन्या बोटींचा तळ याहून पातळ असू शकतो. सर्व्हेअर अल्ट्रासाउंडच्या यंत्राने ठिकठिकाणी जाडी मोजतो, आणि पत्रा ४ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा देण्यास का-कू करतात. सरासरी जाडीपेक्षा खड्ड्यांच्या स्वरूपातील गंज अधिक घातक असतो, कारण आजूबाजूचा पत्रा शाबूत असतानाही एकच खोल खड्डा आरपार जाऊ शकतो. पाणपातळीच्या रेषेवर आणि तळाच्या कडांवर असे खड्डे विशेषेकरून शोधावेत. झिजलेल्या भागावर नवा पत्रा वेल्ड करता येतो, परंतु त्याने वजन वाढते, बोट पाण्यात खोल बसते आणि इंजिनखोलीच्या झरोक्यांसारखी भोके पाण्याच्या जवळ येतात. इंजिन, बॅटऱ्या, स्वयंपाकघर हे सारे पुढे बदलता येते. खराब तळाची बोट स्वस्तात मिळाली तरी ती महागच पडते.

नॅरोबोटींच्या मालकीची घरांसारखी सक्तीची सरकारी नोंदणी नसते. त्यामुळे आधीच्या विक्रीच्या पावत्या, बांधणी करणाऱ्याची कागदपत्रे आणि बोटीवर कर्ज शिल्लक नसल्याचा पुरावा मागून घ्यावा. कागदांच्या बाबतीत टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याचा नाद सोडावा.

परवाना आणि मुक्काम

ट्रस्टच्या पाण्यावर बोट ठेवण्यासाठी परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीचा विमा आणि बोट सुरक्षा प्रमाणपत्र असावे लागते. हे प्रमाणपत्र चार वर्षे चालते आणि त्यासाठी इंधन, गॅस, वीज व वायुवीजन यांची तपासणी होते. ते म्हणजे तळ चांगला असल्याचा दाखला, असा गैरसमज फार जण करून घेतात; तसे ते नाही.

मुक्कामाचा प्रश्न बोट घेण्याआधी सोडवावा. मूरिंगची, म्हणजे बोट बांधून ठेवण्याची, कायमची जागा भाड्याने घेता येते, परंतु अशा प्रत्येक जागेवर राहण्याची परवानगी असतेच असे नाही, म्हणून करारातील शब्द नीट वाचावेत. कायमची जागा न घेता फिरत राहण्याची सोय १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यात आहे. तसे करणाऱ्याने एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा अधिक थांबता कामा नये, आणि फलकावर त्याहून कमी मुदत लिहिली असेल तर ती पाळावी. दोन पुलांच्या मध्ये पुढे-मागे करणे म्हणजे प्रवास नव्हे, आणि त्यावरून परवाना नाकारला जाऊ शकतो. अशा फिरत्या बोटींना एप्रिल २०२४ पासून परवान्यावर अधिभारही द्यावा लागतो. मुलांची शाळा किंवा रोजचे कार्यालय एकाच ठिकाणी असेल, तर हा मार्ग कागदावर स्वस्त आणि प्रत्यक्षात ओढाताणीचा ठरतो.

तळाची निगा

दर दोन ते तीन वर्षांनी बोट सुक्या गोदीत किंवा क्रेनने बाहेर काढून तळाला डांबरी काळा लेप द्यावा. आधी उच्च दाबाच्या पाण्याने शेवाळ आणि चिखल धुऊन काढावा, सुटे पापुद्रे व गंज खरवडावा आणि पत्रा पूर्ण वाळू द्यावा. ओलसर पत्र्यावर दिलेला लेप पुढच्याच हंगामात पोपडे धरतो. रोलरने दोन-तीन हात द्यावेत, आणि पाणपातळीच्या पट्ट्यावर आणखी एक हात द्यावा, कारण हवा आणि पाणी एकत्र लागत असल्याने तेथेच झीज सर्वाधिक होते. इपॉक्सीचा लेप याहून पुष्कळ अधिक टिकतो, मात्र तो जुन्या डांबरावर बसत नाही. त्यासाठी पत्रा उघडा पडेपर्यंत घासून घ्यावा लागतो आणि खर्चही त्या प्रमाणात वाढतो.

तळाला जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळे, म्हणजे अॅनोड, पोलादाऐवजी स्वतः झिजतात. बाहेर काढलेल्या बोटीचे अॅनोड निम्म्याहून अधिक झिजले असतील तर नवे वेल्ड करून घ्यावेत. त्यांवर लेपाचा ब्रश फिरवू नये, अन्यथा ते निकामी होतात. मरिनामध्ये, म्हणजे बोटी उभ्या करण्याच्या तळावर, किनाऱ्याची वीज जोडणाऱ्यांनी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हे झीज रोखणारे उपकरण अवश्य बसवावे, कारण विजेच्या अर्थिंगमधून शेजारच्या बोटी एकमेकींशी जोडल्या जातात आणि दुसऱ्याच्या बोटीपायी आपला पत्रा झिजू लागतो.

इंजिन, शाफ्ट आणि पंखा

बहुतेक उत्पादक दर २५० तासांनी किंवा वर्षातून एकदा तेल व तेलाचा फिल्टर बदलण्यास सांगतात. तासांचा आकडा वहीत लिहून ठेवावा. दररोज निघण्यापूर्वी तेलाची पातळी, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी आणि पट्ट्याचा ताण पाहावा. इंधनाच्या टाकीत पाणी साचले की त्यात जिवाणू वाढून फिल्टर तुंबतात, म्हणून टाकीच्या तळाचे पाणी अधूनमधून काढावे आणि हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवावी.

बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, बोटीच्या मागच्या बाजूने पाण्यात जातो, आणि त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून तेथे वळी भरलेली ग्रीसची नळी असते. दिवसाचा प्रवास संपला की तिच्यात ग्रीस ढकलणाऱ्या ग्रीसरची मूठ घट्ट लागेपर्यंत फिरवावी. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडले तरी हरकत नाही, पण बोट उभी असताना गळ चालू राहता कामा नये. ग्रीस देऊनही ती थांबत नसेल तर त्या नळीच्या दोन्ही बाजूंचे नट समान आणि अगदी थोडे आवळावेत. फार आवळले तर शाफ्ट तापतो, म्हणून पुन्हा चालवून हाताने तापमान पाहावे. त्याआधी इंजिन बंद करावे.

पंख्यात काही अडकले की बोटीचा वेग घटतो, इंजिनाचा आवाज जड होतो आणि मागे काळा धूर दिसतो. अशा वेळी बोट काठाला लावावी, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी, आणि मगच इंजिनखोलीतील झाकण, म्हणजे वीड हॅच, उघडून आत हात घालावा. प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोर आणि कपडे हे नेहमीचे सापडणारे पदार्थ. करवतीचे पाते आणि पक्कड जवळ असावी. (लंडनजवळ साउथॉल या भारतीय वस्तीच्या परिसरात ग्रँड युनियन कालव्यात नारळ तरंगताना दिसतात. नारळाने पंख्याचे फारसे बिघडत नाही, पण पूजेचे वस्त्र किंवा साडी एकदा गुंडाळली की अर्धा दिवस जातो. श्रद्धाळूंनी कापड तरी पाण्यात सोडू नये.) काम झाल्यावर झाकण पुन्हा व्यवस्थित बसवून आवळावे. ते सैल राहिल्यास पंख्याने उसळलेले पाणी थेट इंजिनखोलीत येते, आणि बोटी बुडण्याचे हे एक सर्वपरिचित कारण आहे.

वीज, गॅस आणि शेगडी

शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याहून अधिक उतरू देऊ नयेत. विश्रांतीत असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज साधारण १२.२ दिसले की ती निम्मी उतरली असे समजावे आणि चार्ज करण्यास घ्यावी. छतावरील सौर पटल एप्रिल ते सप्टेंबर उत्तम काम देतात, डिसेंबरमध्ये मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो बोटीच्या तळाशी साचून राहतो. सिलिंडरच्या कपाटाच्या तळाशी असलेले निचऱ्याचे भोक कधीही बुजू देऊ नये. राहत्या बोटीतील गॅसचे काम नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. घनइंधनाची शेगडी पेटवण्यापूर्वी तिच्या दाराची दोरी, काच आणि धुराडे पाहावे, आणि धुराडे नियमित झाडावे. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र २०१९ पासून बोट सुरक्षा तपासणीचा भाग आहे. ते आठवड्यातून एकदा बटण दाबून पाहावे. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करण्याचा मोह टाळावा. आपल्याकडचे कुकरचे, भाताचे आणि डाळीचे स्वयंपाक पुष्कळ वाफ सोडतात, आणि ती थंड खिडकीच्या चौकटीवर पाणी होऊन भिंतीत झिरपते. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी आणि गादीखाली हवा खेळेल अशी फळी घालावी.

लॉकमधून जाताना

लॉकमध्ये पाणी उतरवताना बोटीची मागची बाजू वरच्या दरवाजाखालील दगडी उंबऱ्यावर अडकू शकते, आणि पुढचा भाग खाली जात असताना बोट कलून काही मिनिटांत बुडू शकते. लॉकच्या काठावर पांढरी खूण केलेली असते. बोट तिच्या पुढेच धरावी. उतरताना दोर खांबाला बांधून ठेवू नये, हातात सैल धरावा. वर चढताना पाणी जोरात आत घेतले की बोट पुढे-मागे आदळते, म्हणून पाणी सोडणाऱ्या झडपा थोड्या-थोड्या उघडाव्यात. काहीही बिघडल्यासारखे वाटल्यास प्रथम झडपा बंद कराव्यात, विचार नंतर करावा. झडप फिरवण्याची मूठ, म्हणजे विंडलास, दांड्यावर तशीच ठेवून जाऊ नये. झडप सुटली तर ती वेगाने फिरून हात मोडू शकते. कालव्यांवर वेगमर्यादा सहसा ताशी ४ मैल असते, पण थांबलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जावे, कारण जोराने गेल्यास त्यांचे खुंटे उपटून निघतात.

हिवाळ्यापूर्वी

नोव्हेंबर ते मार्च या काळात ट्रस्ट दुरुस्तीसाठी अनेक लॉक बंद ठेवते, म्हणून प्रवासाचा मार्ग ठरवण्यापूर्वी बंदची यादी पाहावी. उन्हाळ्यातही पाणीटंचाईमुळे मार्ग बंद होऊ शकतात. २०२५ मध्ये उत्तरेकडील काही कालवे याच कारणाने बंद करावे लागले. बोट रिकामी सोडायची असेल तर नळांतील सर्व पाणी काढावे, तोट्या उघड्या ठेवाव्यात आणि इंजिनाच्या पाण्यात पुरेसे अँटिफ्रीझ आहे की नाही ते तपासावे. बर्फाने फुटलेला नळ थंडीत कळत नाही, बर्फ वितळल्यावर आणि पंपाचा आवाज थांबेनासा झाल्यावर कळतो. पाण्यावर बर्फाचा थर असताना बोट हलवू नये, कारण त्याच्या कडा नव्या लेपाला खरवडतात आणि शेजारच्या लाकडी किंवा फायबरच्या बोटीचे नुकसान करतात. निघण्यापूर्वी इंजिनखोलीत बादलीभर पाणी ओतून आपोआप सुरू होणारा पंप खरोखर चालतो की नाही ते पाहावे, आणि शेजारच्या बोटवाल्याकडे आपला फोन नंबर व बोटीची जादा चावी ठेवावी.