चिकूचं गवत आणि त्याखालचे 4 इंच

आमचं घर नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ. मागे 12 बाय 18 फुटांचं अंगण, माती काळी. पावसाळ्यात आमचा कुत्रा चिकू बाहेर जाऊन आला की घरभर चिखलाचे ठसे आणि मे महिन्यात त्याच मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. लॉन दोनदा लावलं. पण 22 किलोचा कुत्रा रोज एकाच वाटेने पळतो आणि ठरलेल्या जागीच मुततो, तिथे लॉन कसं टिकणार? म्हणून कृत्रिम गवत घ्यायचं ठरलं.

पहिल्या खेपेला ठेकेदाराने मातीवर शहाबादी फरशी घातली, तिच्यावर गवताचा रोल पसरला आणि सरळ चिकटवून टाकला. दिसायला सुरेख. दोन महिन्यांनी मागचं दार उघडलं की डोळे झोंबायला लागले. कोपरा उचकटला, तर खाली पिवळट, बुळबुळीत थर साचलेला. चिकूने त्या बाजूला बसणं केव्हाच सोडलं होतं, माझ्याच ते उशिरा लक्षात आलं. लघवीतल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात. तिला खाली उतरायला वाट नसेल, तर वरून कितीही धुतलं तरी वास हटत नाही. तेव्हा गवताचा रंग निवडायच्या आधी लघवी जाणार कुठे, हे ठरवा.

दुसऱ्या वेळी फरशी काढली आणि 4 इंच माती उपसली. तळाला ढाळ दिला फुटाला 1 सूत (इंचाचा आठवा भाग), म्हणजे 18 फुटांत सव्वादोन इंच, मागच्या पाणी जायच्या जाळीच्या दिशेने. दोरी बांधून, लेव्हल लावून हे स्वतः तपासा. नुसत्या नजरेला एवढा ढाळ कळत नाही. मग जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. प्लास्टिकचा कागद अजिबात नको, त्यावर पाणी तुंबतं. हे कापड मातीच्या लगेच वर आणि खडीच्या खाली घालायचं, म्हणजे काळी माती खडीत चढत नाही. बरेच जण ते गवताच्या लगेच खाली घालतात, पण कुत्रा असेल तर तिथे ते लघवी धरून ठेवतं. कापड घालण्याआधी लव्हाळ्याच्या गाठी एकूण एक खणून काढा. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, तो कापडही भोकसतो.

त्यावर 3 इंच खडी आणि 1 इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. मला खडी पाऊण ब्रास मागवावी लागली, थोडी उरली. प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकला. इथे घाई केली तर पहिल्याच पावसाळ्यात गवताला खळगे पडतात आणि खळग्यात पुन्हा तेच साचतं. शेवटी एक बादली पाणी ओतून बघा. डबकं राहिलं तर तेवढी जागा पुन्हा करा.

गवत घेताना दुकानातून हातभर तुकडा मागून आणा, मोरीत आडवा धरून त्यावर पेलाभर पाणी ओता. काही तुकड्यांत पाणी फक्त भोकांतून थेंब थेंब गळतं, मधला भाग ओलाच राहतो. ज्याच्या सगळ्या पाठीतून पाणी लगेच खाली येतं, तोच घ्या. पात्यांची उंची 30 मिलिमीटरच्या आसपास पुरे. 50 मिलिमीटरचं मऊ लागतं खरं, पण त्यात शी अडकली की काढता काढता जीव नकोसा होतो. रोल 2 मीटर रुंद येतो. माझे 2 पट्टे लागले आणि जोड एकच आला. जोडाच्या दोन्ही कडांच्या शिवणीच्या 2-3 रांगा कापून टाका आणि पाती एकाच दिशेला झुकलेली ठेवा. नाहीतर जोड लांबून ओळखू येतो आणि चिकूसारखा कुत्रा नेमका तोच उकरतो. कडांना गॅल्व्हनाइज्ड खिळे अर्ध्या अर्ध्या फुटावर आणि बाहेरून विटांची रांग.

गवतात भरायला रबराची भुकटी घेऊ नका. ती तापते, वास मारते आणि कुत्रे चाटतात. मी झिओलाइटचे दाणे घातले. हे खनिज अमोनिया धरून ठेवतं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे मोठाले स्फटिक बघितले होते. त्याच कुळातला दगड माझ्या अंगणात असा कामी येईल, असं तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. ब्रशने उलट दिशेला झाडत पसरा, म्हणजे दाणे मुळाशी उतरतात.

रोज सकाळी मुतायच्या जागी पाइपने भरपूर पाणी, आठवड्यातून एकदा एन्झाइमचं क्लीनर. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून तिचा विषारी वायू होतो. फिनाइलही नको, कुत्रा त्याच गवतावर लोळतो आणि मग पंजे चाटतो.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. मे महिन्यात दुपारी हे गवत मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू टेकवून 7 आकडे मोजा. हात टेकवत नसेल तर कुत्र्याला सोडू नका. आम्ही अर्ध्या अंगणावर सावलीसाठी हिरवी जाळी बांधली आहे, आणि दारापासून तिथवर 3 फरश्यांची वाट ठेवली आहे.

एक कोपरा मी गवताशिवाय सोडला, 3 बाय 4 फुटांचा, त्यात नुसती वाळू. उकरणं हा चिकूचा स्वभाव आहे, तो बंद करता येत नाही. सुरुवातीला तिथे त्याचा चेंडू पुरून ठेवायची. दोन आठवड्यांत तो गवताच्या कडा विसरला. आता दुपारी जाळीखाली झोपतो आणि उठला की आधी वाळूकडे जातो.