अनबाउंडेड ऑपरेटरांच्या अल्जिब्राकडे वळताना: आधी डोमेन

एमएस्सीच्या फंक्शनल ॲनालिसिसमध्ये भेटणारे बहुतेक ऑपरेटर बाउंडेड असतात (म्हणजे व्हेक्टरची लांबी एका ठरावीक पटीपलीकडे वाढवत नाहीत), त्यामुळे बेरीज-गुणाकार बिनघोर करता येतात. क्वांटम मेकॅनिक्समधले पी (संवेग) आणि क्यू (स्थान) हे ऑपरेटर मात्र त्या चौकटीत मावत नाहीत. याची गणितज्ञ विलांटने 1949 मध्ये दिलेली सिद्धता अगदी छोटी आहे. ती सुरुवातीलाच स्वतः लिहून काढा. पीक्यू − क्यूपी ही आयडेंटिटीची शून्येतर पट असेल, तर पी आणि क्यूच्या एनव्या घाताचा कम्युटेटर (दोन्ही क्रमांच्या गुणाकारांतला फरक) म्हणजे तीच पट, गुणिले एन, गुणिले क्यूचा (एन − 1)वा घात. दोन्ही बाउंडेड मानून नॉर्म घेतला की प्रत्येक एन एकाच ठरावीक संख्येखाली अडकतो. हे अशक्य आहे.

म्हणून ऑपरेटर जिच्यावर चालतात ती डेन्स सबस्पेस डी, म्हणजे डोमेन, आधी ठरवायची. अल्जिब्रातला प्रत्येक ऑपरेटर डीला डीमध्येच नेतो, आणि त्याचा ॲडजॉइंटही डीवर तसाच वागतो. हाच ओ-स्टार अल्जिब्रा. 1970 च्या सुमारास पॉवर्स आणि लासनर यांनी या अभ्यासाचा पाया घातला. पी-क्यूसाठी श्वार्ट्झ स्पेस (झपाट्याने शून्याकडे जाणारी स्मूथ फंक्शन्स) ही डी उत्तम चालते.

इथे घाई करू नका. उणे आय गुणिले डेरिव्हेटिव्ह (आय म्हणजे उणे एकचे वर्गमूळ) हा एकच ऑपरेटर घ्या आणि कॉम्पॅक्ट सपोर्टची स्मूथ फंक्शन्स डोमेन माना. ॲडजॉइंटचे अधिक आय आणि उणे आय या किमतींचे आयगेनव्हेक्टर काढले की ई चा उणे एक्स घात आणि ई चा एक्स घात मिळतात. (0, 1) वर दोन्हींचा वर्ग इंटिग्रेट होतो: डेफिशियन्सी इंडायसेस, म्हणजे अशा आयगेनव्हेक्टरांच्या दोन संख्या, (1, 1), सेल्फ-ॲडजॉइंट एक्स्टेन्शन्स अनंत, युनिट वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूला एक. (0, ∞) वर एकच टिकते, म्हणून एक्स्टेन्शन एकही नाही. पूर्ण रेषेवर एकही टिकत नाही, म्हणून एक्स्टेन्शन नेमके एक. सूत्र तेच असूनही तीन निकाल वेगळे! हे तिन्ही हिशेब हाताने झाल्याशिवाय या अल्जिब्रांच्या रिप्रेझेंटेशन थिअरीला हात लावू नये.

सर्वांत जास्त फसवणारी जागा कम्युटेशनची. दोन सिमेट्रिक ऑपरेटर डीवर कम्यूट करतात, दोघेही इसेन्शियली सेल्फ-ॲडजॉइंट आहेत (म्हणजे प्रत्येकाचे सेल्फ-ॲडजॉइंट एक्स्टेन्शन नेमके एक), म्हणून त्यांची स्पेक्ट्रल प्रोजेक्शन्सही कम्यूट करतील असे वाटते. गणितज्ञ नेल्सनने 1959 मध्ये हे खोटे ठरवले. वर्गमुळाची दोन पदरी रीमान सर्फेस घ्या, त्यावर एक्स आणि वाय दिशांचे डेरिव्हेटिव्ह उणे आयने गुणून घ्या, आणि मधला शाखाबिंदू टाळणारी कॉम्पॅक्ट सपोर्टची स्मूथ फंक्शन्स डी माना. उजवीकडे, वर, डावीकडे, खाली असे शाखाबिंदूभोवती फिरलात तर तुम्ही दुसऱ्या पदरावर पोहोचता. म्हणजे त्या दिशांना सरकवणारे, या दोन ऑपरेटरांचे युनिटरी ग्रुप कम्यूट करत नाहीत, म्हणून स्पेक्ट्रल प्रोजेक्शन्सही नाहीत. बचावाचा मार्गही नेल्सनचाच: दोघांच्या वर्गांची बेरीज डीवर इसेन्शियली सेल्फ-ॲडजॉइंट आहे का ते तपासा. असेल तर स्पेक्ट्रल प्रोजेक्शन्स कम्यूट करतात.

वाचनाचा क्रम: मेझर थिअरी, अनबाउंडेड सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटरांचे स्पेक्ट्रल थिअरम, फॉन नॉयमनची एक्स्टेन्शन थिअरी, मग लोकली कॉन्व्हेक्स स्पेसेस. शेवटचा विषय पुष्कळ जण गाळतात, आणि डीवरची ग्राफ टोपॉलॉजी येताच अडतात, कारण तिथे एक नॉर्म नसतो. अल्जिब्रातल्या प्रत्येक ऑपरेटरमागे एक सेमीनॉर्म असतो, म्हणजे तो ऑपरेटर लावल्यावर मिळणाऱ्या व्हेक्टरचा नॉर्म.