नवं मांजर घरात आणताना मधलं दार कधी उघडायचं

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरात सध्या सात मांजरं आहेत. सातही रस्त्यावरची. कुणी गाडीखाली सापडलं, कुणी पावसात जिन्याखाली येऊन बसलं ते बसलंच. जागा, खर्च आणि घरच्यांची तयारी यांचा विचार तुम्ही केलाच असेल, असं धरून पुढचं सांगते.

रस्त्यावरचं मांजर आधी घरी आणायचं नाही, आधी दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, किंवा जवळचा डॉक्टर गाठा. जंताचं औषध, पिसवा, अंदाजे वय, वजन एवढं तिथेच होतं. पिल्लू आठेक आठवड्यांचं असेल तर तिहेरी लसीचा (मांजरांच्या तीन विषाणूजन्य रोगांवरची एकच लस) पहिला डोस, मग १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुढचे. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर. घरातल्या जुन्या मांजरांच्या लसी राहिल्या असतील तर त्या नव्याला आणायच्या आधी पूर्ण करा. आणि कुत्र्यासाठी आणलेलं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या पुष्कळशा औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजर मरतं.

त्यानंतर १४ दिवस वेगळी खोली. हे दिवस कमी करू नका. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू अंगात असला तरी लक्षणं दिसायला दहा दिवसही लागू शकतात, तोवर मांजर धडधाकट दिसतं. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. फिनाईलनं तो जात नाही, उलट फिनाईल मांजरालाच विषारी. पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी घ्या, दहा मिनिटं फरशीवर राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. नव्याच्या वाट्या, फडकं, चपला सगळं वेगळं. त्याच्या खोलीतून निघाल्यावर हात धुतल्याशिवाय जुन्यांना हात लावायचा नाही.

शी-शूसाठी घमेलं आणि रेती. जितकी मांजरं, त्याहून एक घमेलं जास्त.

आता ते मधलं दार, नव्याची खोली आणि बाकीचं घर यांच्यामधलं. माझं सगळ्यात मोठं चुकलं ते इथेच.

आमची सगुणा तेव्हा नऊ वर्षांची होती, घरातली सगळ्यात जुनी. तर्री हा लाल बोका नुकताच आणला होता. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवं, सोडून दे न दोघाईले एकाच खोलीत. दोन दिवस भांडतीन, मंग होऊन जाते सारं बरोबर." मी दार उघडलं. दहा सेकंदांत तर्रीनं सगुणेला कोपऱ्यात घेतलं. मी मध्ये हात घातला आणि सगुणेचाच दात माझ्या अंगठ्यात रुतला. ती सज्जावर चढून बसली. दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मोठं मांजर असं उपाशी राहिलं की चरबी यकृतात साचते आणि त्यानं जीव जाऊ शकतो, हे मला तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. सगुणा वाचली. पण त्या दोघांना एका खोलीत शांत बसायला त्यानंतर अकरा आठवडे लागले. पहिली भेट बिघडली की मांजर ती विसरत नाही.

म्हणून "आपसात निपटून घेतील" असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. रस्त्यावर हरलेलं मांजर पळून दुसरी गल्ली धरतं. दोन बेडरूमच्या घरात त्यानं कुठे जायचं?

मांजर आधी नाकानं ओळखतं, त्यामुळे सुरुवात वासापासून. पुष्कळ जण पहिल्याच दिवसापासून फडक्यांची अदलाबदल करायला सांगतात. रस्त्यावरच्या मांजराबाबत हे साफ चूक आहे, कारण फडक्याबरोबर रोगही जातो. चौदा दिवस संपू द्या, डॉक्टरांना एकदा दाखवा, मगच हे सुरू करा. जुना मोजा नव्याच्या गालांवरून फिरवा, कारण वासाच्या ग्रंथी तिथे असतात, आणि तो जुन्यांच्या ताटलीपासून हातभर लांब ठेवा. जुन्यांचा मोजा नव्याकडे. हुंगून पुढे गेलं तर उत्तम. फिसकारलं तर मोजा आणखी लांब.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी जेवण. ताटल्या दारापासून पाच-सहा फुटांवर ठेवून सुरुवात करा आणि रोज वीतभर जवळ आणा. खाता खाता कुणी थांबून दाराकडे बघू लागलं तर दुसऱ्या दिवशी ताटली कालच्या जागी. दोघंही दाराला लागून, मान खाली घालून, शेवटच्या घासापर्यंत खातात असं सलग तीन-चार दिवस दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही. याच काळात रोज अर्धा तास खोल्या बदलायच्या. नवा घरभर हिंडतो, जुने त्याच्या खोलीत, एकमेकांना न दिसता.

मग जाळी. मी दाराच्या चौकटीला लोखंडी जाळी तारेनं पक्की बांधते आणि खालच्या अर्ध्या भागावर जुनी चादर टाकते. चादर रोज थोडी वर. जेवण सुरूच. जाळीपलीकडून फिसकारणं ऐकू आलं तर घाबरू नका, ते बोलणं आहे. भीती वाटायला हवी ती आवाज न करता एकटक बघत बसलेल्या मांजराची. शरीर ताठ, कान मागे, शेपटीचं टोक फटफट आपटतंय, असं दिसलं की लगेच चादर खाली सोडा. शेपूट उभी ठेवून आलं किंवा डोळे सावकाश मिटून उघडले तर गाडी रुळावर आहे.

जाळी काढाल तेव्हा जुन्यांपैकी सगळ्यात शांत असेल ते एकटंच आत घ्या, पाच मिनिटं, जेवणाच्या थोडं आधी, समोर दोरी हलवत. हाताशी जाड पुठ्ठा ठेवा. जुंपलीच तर पुठ्ठा मध्ये घाला, हात कधीच नाही. चावलंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची सुई घ्या.

भांडणं थांबली म्हणजे काम झालं असंही समजू नका. एखादं मांजर पॅसेजमध्ये नुसतं आडवं पडून राहतं आणि दुसरं घमेल्यापर्यंत जायला धजत नाही. मग ते गादीवर मुततं आणि मार खातं. ताटल्या आणि घमेली घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, उंचावर बसायच्या जागा करा. मुतलेल्या जागी संत्र्याची सालं टाकायचा सल्ला आपल्या गावात हमखास मिळतो. सालीचा वास मांजराला नकोसा होतो हे खरं, पण मुताचा वास त्यानं जात नाही, आणि मांजर पुन्हा तिथेच येतं किंवा शेजारची जागा धरतं. एन्झाइमचं क्लीनर आणा.

नसबंदी सगळ्यांची, बोक्यांचीसुद्धा. भाटी चार महिन्यांचीही गाभण राहू शकते आणि दोनेक महिन्यांत विते. बोक्याला शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे भाट्यांपासून वेगळं ठेवा. तेवढा काळ त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात.

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पडलेला मांजा रोज गोळा करा. मांजर तो गिळतं आणि आतडं कापलं जातं.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की नव्याला पत्र्याच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर ठेवू नका, कूलर लागतो त्याच खोलीत ठेवा. पण खिडकी आणि कूलरच्या मधली फट आधी पत्र्यानं बुजवा. आपण सगळे तिथे पुठ्ठा लावतो. कूलरच्या पाण्यानं तो भिजतो आणि मांजर तो एका रात्रीत ढकलून बाहेर पडतं.