डोक्याला मार आणि मालकाची जबाबदारी : व्यावसायिक फुटबॉल क्लबने काय करायचं

पगारी फुटबॉलपटू हा कायद्याच्या लेखी कामगारच, हे इंग्लंडमध्ये वॉकर विरुद्ध क्रिस्टल पॅलेस या १९१० च्या खटल्यापासून ठरलेलं आहे. त्यामुळे १९७४ चा कामाच्या ठिकाणचा आरोग्य व सुरक्षा कायदा कारखान्याला जसा लागू, तसाच क्लबलाही लागू आहे. कामगाराची सुरक्षितता 'वाजवीपणे शक्य असेल तितकी' जपायची, आणि खटला उभा राहिला तर याहून जास्त करणं शक्य नव्हतं हे मालकानेच सिद्ध करायचं. इथे सगळी मांडणी इंग्लंडच्या कायद्याला धरून आहे. खेळाचे नियम आणि वैद्यकीय पद्धत मात्र जगभर सारखीच, म्हणून गोव्या-मुंबईच्या क्लबांनाही त्यातलं बरंचसं जसंच्या तसं उचलता येईल.

धोके दोन आहेत, आणि दोन्हींचा बंदोबस्त वेगळा. पहिला अचानक लागणारा मार : डोक्यावर डोकं आपटतं, कोपर किंवा गुडघा बसतो, आणि मेंदूला हादरा बसून कन्कशन होतं. दुसरा वर्षानुवर्षं चेंडू डोक्याने मारून बसणारे लहान धक्के, ज्यांचं त्या दिवशी काहीही लक्षण दिसत नाही. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे जेफ अ‍ॅस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी वारले, तेव्हा कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निष्कर्ष दिला तो 'औद्योगिक आजाराने मृत्यू' असा. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिकांच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट निघालं. २०२१ च्या पुढच्या विश्लेषणात हा धोका बचावपटूंमध्ये सुमारे पाच पट होता, गोलकीपरांमध्ये मात्र लक्षणीय वाढ नव्हती. याने हेडिंगवर, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्यावर, शंभर टक्के दोष सिद्ध होत नाही. पण खबरदारी घ्यायला मालकाने थांबून राहावं, अशी परिस्थिती आता उरलेली नाही.

मूल्यांकन संघाचं नको, जागेनुसार हवं

कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षा व्यवस्थापनाच्या १९९९ च्या नियमांतला तिसरा नियम जोखमीचं मूल्यांकन मागतो. बहुतेक ठिकाणी 'संपर्काचा खेळ, जोखीम मध्यम' अशी एक ओळ लिहून फाइल मिटते. त्याचा उपयोग शून्य. सेंटर बॅक (मधला बचावपटू), उंच स्ट्रायकर (आघाडीचा आक्रमक), विंगर (कडेने खेळणारा), गोलकीपर यांच्यासाठी वेगवेगळं पान करा. त्या पानावर चार गोष्टी हव्यात : गेल्या मोसमात प्रत्येक सामन्यात सरासरी किती हेडर झाले, त्यातले लांबून आलेल्या चेंडूवर किती, आधी कन्कशन झालंय का आणि केव्हा, आणि वय व स्त्री की पुरुष. पहिले दोन आकडे व्हिडिओ-विश्लेषकाकडे तयार असतात, फक्त कोणी मागत नाही. गोलकीपरला दीर्घकालीन धोका कमी दिसला, तरी त्याच्या पानावर गुडघा आणि गोलपोस्ट मोठ्या अक्षरात हवेत. २००६ मध्ये रेडिंगच्या मैदानावर चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेकच्या कवटीला तडा गेला तो प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यानेच.

चेक नंतर शिरस्त्राण घालून खेळला, म्हणून अनेक क्लब शिरस्त्राणं मागवून जबाबदारी संपली असं समजतात. मऊ शिरस्त्राण जखम आणि हाडावरचा मार थोडा सोसतं. कवटीच्या आत मेंदू हलतो, त्याला ते आवर घालू शकत नाही.

खरा ताबा सरावावर

सामन्यात कॉर्नर किती येतील हे कोणाच्या हातात नाही. सरावात किती चेंडू कोणाच्या डोक्यावर टाकायचे, हे मात्र सर्वस्वी क्लब ठरवतो, त्यामुळे 'शक्य नव्हतं' ही सबब इथे चालणार नाही. जुलै २०२१ पासून इंग्लिश फुटबॉलचं मार्गदर्शन आहे की व्यावसायिक खेळाडूने सरावाच्या आठवड्यात जास्तीत जास्त १० जोरकस हेडर करावेत. जोरकस म्हणजे साधारण ३५ मीटरपेक्षा लांबच्या पासवरचा, तसंच क्रॉस, कॉर्नर आणि फ्री किकवरचा. स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी पुढे जाऊन सामन्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी हेडिंगचा सराव थांबवायला सांगितलं. दोन्ही एकत्र पाळणं अवघड नाही.

सामना शनिवारी असेल तर रविवारी आणि सोमवारी हेडिंग नाही. मंगळवारी तंत्र : हाताने अलगद टाकलेला चेंडू, पाच-सहा मीटरवरून. बुधवारी बचावाचे सेट पीस (कॉर्नर, फ्री किक यांच्या ठरलेल्या चाली), प्रत्येकी सहा जोरकस हेडर. गुरुवारी आक्रमणाचे चार. शुक्रवारी कॉर्नरची मांडणी चालत करायची आणि चेंडू डोक्याऐवजी हाताने झेलायचा. कोण कुठे पळणार हे शिकायला तेवढं पुरतं.

मोजणी बिघडते ती नेहमी त्याच चार ठिकाणी. सराव संपल्यावर स्ट्रायकर 'अजून दहा क्रॉस' म्हणून थांबतो आणि मोजणारा घरी गेलेला असतो. एकवीस वर्षांखालचा मुलगा सकाळी त्यांच्यात आणि दुपारी पहिल्या संघाबरोबर सराव करतो, दोन्हीकडे स्वतंत्र मोजणी, बेरीज कोणीच करत नाही. दुखापतीतून उठलेला सेंटर बॅक 'लय यावी' म्हणून एका दिवसात वीस हेडर मारतो. आणि देशाच्या संघाकडे गेलेला किंवा लोनवर (दुसऱ्या क्लबला तात्पुरता) दिलेला खेळाडू परत येतो तो कोरी पाटी घेऊन. उपाय साधे आहेत : सहायक कोचच्या हातात अंगठ्याने दाबायचा काउंटर, संघामागे नव्हे तर खेळाडूमागे एक तक्ता, दहा झाल्यावर त्याचा त्या आठवड्यातला हेडिंगचा सराव बंद, आणि जाताना-येताना आकड्यांचं पत्र. जीपीएसच्या बनियनवर विसंबू नका. ती धावणं मोजते, डोक्यावरचा धक्का नाही.

चेंडूचंही बघायचं. नियमानुसार वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवेचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर. हेडिंगच्या सरावाला दाब खालच्या टोकाला ठेवा, गेजने मोजून. बोटाने दाबून अंदाज घेण्याची सवय मोडा. मानेचे व्यायाम आठवड्यातून दोनदा करून घ्या. मान बळकट असेल तर डोकं धडाबरोबर एकजीव राहतं आणि झटका कमी बसतो.

सामन्याचा दिवस

मोसमापूर्वी प्रत्येक खेळाडूची एससीएटी-६ ही कन्कशन तपासण्याची चाचणी घेऊन ठेवा, दमलेला नसताना. दहा शब्दांची यादी लक्षात ठेवणं, आकडे आणि महिने उलटे म्हणणं, तोल सांभाळणं असे तिचे भाग. घोळ होतो तो दोन कारणांनी. इंग्रजी कच्चं असलेल्या परदेशी खेळाडूचे गुण भाषेमुळे कमी येतात, म्हणून शक्य तिथे त्याच्या भाषेतली चाचणी घ्या आणि पुन्हा घेताना तीच भाषा ठेवा. शिवाय काही खेळाडू मुद्दाम कमी गुण पाडतात, म्हणजे मार लागल्यावर फरक दिसू नये. निकाल विचित्र वाटला तर चाचणी पुन्हा घ्या.

मार लागल्यावर डॉक्टर किंवा फिजिओने आधी मान धरायची, मग श्वास बघायचा. डोकं वळवून नाव विचारू नये. मग पुढच्यांपैकी एक जरी दिसलं तरी चाचणीची वाट न बघता बाहेर काढा : निपचित पडणं, क्षणभर शुद्ध जाणं, हात ताठ होऊन वर येणं, उठताना झोकांड्या जाणं, शून्यात बघणं. एखादा खेळाडू उठून 'मी ठीक आहे' म्हणतो, त्याला पुरावा मानू नका. हादरलेला मेंदूच तो निर्णय देत असतो. शंका थोडीच असेल तर विचारा : हे कोणतं मैदान, आता कोणता हाफ, शेवटचा गोल कोणी केला, गेल्या आठवड्यात कोणाशी खेळलो, आपण जिंकलो का? एक उत्तर चुकलं की खेळ संपला.

पूर्ण चाचणीला शांत खोलीत किमान १० ते १५ मिनिटं लागतात. तोवर बदली खेळाडू पाठवण्याची तात्पुरती सोय नियमांत नाही, आणि इथेच डॉक्टरवर दबाव येतो. २९ नोव्हेंबर २०२० ला आर्सेनलच्या मैदानावर आर्सेनलचा दाविद लुईज आणि वुल्व्हज क्लबचा राउल हिमेनेस यांची डोकी आपटली. हिमेनेसची कवटी फुटली, तर लुईज पट्टी बांधून मध्यंतरापर्यंत खेळला. त्यानंतर काही आठवड्यांतच कायमच्या कन्कशन-बदलीच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि जुलै २०२४ पासून ती खेळाच्या नियमांत आली. स्पर्धेने ती स्वीकारली असेल तर एका संघाला सामन्यात अशी एक बदली मिळते, नेहमीच्या बदल्या संपल्या असल्या तरी. प्रतिस्पर्ध्यालाही एक जादा मिळते. बाहेर गेलेला परत येत नाही, पेनल्टी शूटआउटलाही नाही. चौथ्या पंचाला या बदलीचं कार्ड कोण देणार हे डगआउटमध्ये (संघाच्या बाकावर) आधीच ठरवा.

शंका आली तर बदली, आणि शब्द डॉक्टरचा. हे कोचच्या करारात लिहा : डॉक्टरच्या निर्णयावर हरकत घेणं म्हणजे शिस्तभंग. डॉक्टरची नेमणूक आणि पगारवाढ कोचच्या नव्हे, संचालक मंडळाच्या हाती ठेवा. टनेलमध्ये (मैदानात येण्याच्या बोगद्यात) रिप्ले बघणारा माणूस आणि बाकावरचा डॉक्टर यांच्यात वॉकीटॉकी हवी, कारण धडक अनेकदा चेंडूपासून दूर होते.

उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, दुहेरी दिसणं, मानदुखी, हातापायांत मुंग्या, वाढती अस्वस्थता यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णवाहिका. ते नसेल तरी पहिले २४ तास त्याला एकटं सोडू नका. दारू नाही, गाडी चालवणं नाही. घरी सोडायला गाडी आणि सोबत क्लबने द्यायची, बाहेरगावच्या सामन्यातही.

परत मैदानावर

पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून घेणं नव्हे. घरात फिरणं चालतं, मोबाइल कमी. पुढे पायऱ्या : हलका व्यायाम कमाल हृदयगतीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, मग ७० पर्यंत, मग एकट्याने धावणं, मग संपर्काविना सराव, मग पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. संपर्काविना सरावाच्या पायरीपासून पुढे जाताना लक्षणं पूर्ण गेलेली हवीत. हेडिंग सगळ्यात शेवटी, डॉक्टरच्या सहीनंतर, आणि तेही हाताने टाकलेल्या चेंडूवर. ज्या छोट्या क्लबात डॉक्टरची अशी देखरेख नाही, त्यांनी २०२३ च्या ब्रिटिश सरकारी सूचनेप्रमाणे सामन्याआधी किमान २१ दिवस धरावेत.

लक्षणं लपवली जातात त्यामागे बहुधा पैसा असतो. खेळलेल्या सामन्यामागे बोनस असेल तर कन्कशनमुळे चुकलेले सामने खेळले असंच धरून बोनस द्या, आणि हे मोसमापूर्वी लेखी सांगा. पोस्टर लावण्यापेक्षा याचा परिणाम जास्त.

नोंदी किती वर्षं ठेवायच्या? आजार तीस-चाळीस वर्षांनी दिसतो, आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत माणसाला आजाराचं कारण कळल्यापासून धरली जाते. म्हणून हेडरचे तक्ते, चाचण्या, मूल्यांकनं आणि त्या-त्या वर्षाची मालक-दायित्व विम्याची (कामगारांच्या भरपाईच्या दाव्यांसाठीच्या विम्याची) पॉलिसी किमान ४० वर्षं राखा. वैद्यकीय भाग वेगळ्या कुलपात ठेवा. कोचला फक्त 'उपलब्ध' किंवा 'अनुपलब्ध' एवढंच कळू द्या. खेळाडू क्लब सोडेल त्या दिवशी त्याची पूर्ण प्रत त्याच्या हातात द्या आणि पोच घ्या.