राज्याचे आकडे जुळवताना

महाराष्ट्राची प्रगती हौसेने अभ्यासायची असेल, तर सुरुवात ‘आर्थिक पाहणी’पासून, म्हणजे राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वार्षिक अहवालापासून करा. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती दरवर्षी तयार करतं, मराठीतही मिळते. पण दहा वर्षांचे दहा अंक उघडून प्रत्येकातला ताजा आकडा उचलू नका. ताजे आकडे अंदाज असतात, पुढे सुधारले जातात. अशी ठिगळं जोडलेली मालिका हमखास फसवते. सगळी वर्षं शक्यतो सर्वांत नव्या अंकातूनच घ्या. आणि राज्याचं उत्पन्न ‘स्थिर किमतीं’चं, म्हणजे एका ठरावीक (‘पायाभूत’) वर्षाच्या भावांनी मोजलेलं पाहा. ‘चालू किमतीं’मध्ये महागाईही वाढ म्हणून मिरवते. पायाभूत वर्ष बदललं की जुने-नवे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत, हेही बघा.

सामाजिक बाजूसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. 2015-16 आणि 2019-21 या दोन्ही फेऱ्यांत जिल्हावार तक्ते आहेत. ते आवर्जून पाहा, कारण राज्याची सरासरी मुंबई आणि गडचिरोलीला एकाच ओळीत बसवते. (खरी गंमत जिल्ह्यांतच असते.)

दुसऱ्या राज्याशी तुलना करताय? आधी सीमा तपासा: 2000 साली झारखंड वेगळं झालं, त्यामुळे त्याआधीचा ‘बिहार’ म्हणजे आजचा बिहार नव्हे.