हृदयासाठी चालताय? मग वेग नीट धरा

'रोज दहा हजार पावलं चाला' हा सल्ला ऐकून मी कंटाळलोय. मोबाइल पावलं मोजतो, पण त्या पावलांनी हृदयाला कामाला लावलं की नाही, ते सांगत नाही.

आठवड्याला किमान 150 मिनिटं हवीत. अर्धा तास, पाच दिवस. सुरुवात पणजीत कांपालच्या मांडवीकाठच्या पदपथावरून करा. आल्तिनोचा चढ महिनाभर थांबू शकतो. मिरामारच्या उतरत्या वाळूत रोज चालू नका, एकाच बाजूच्या गुडघ्यावर ताण येतो. पहिली पाच मिनिटं सावकाश.

खरी अडचण पुढे येते, ती वेगाची. मलाही तो पटकन साधला नव्हता. सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, पण घुमट आरतीचं एक कडवं सलग म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे. कडवं आरामात म्हणता येत असेल तर पाय उचला. दोन शब्दांनंतरच धाप लागत असेल तर वेग कमी करा. आकडाच हवा असेल तर 220 मधून वय वजा करा आणि उत्तराच्या 50 ते 70 टक्क्यांत राहा. पन्नाशीच्या माणसाला मिनिटाला साधारण 85 ते 119 ठोके. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर हा हिशेब सोडून द्या. ती गोळी ठोके वाढू देत नाही, आणि आकडा गाठायच्या नादात माणूस जिवावरचं धावतो.

एप्रिल-मेमध्ये कालचा वेग आज धरू नका. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड करायला रक्त त्वचेकडे वळतं आणि तेवढ्याच चालीला हृदय जास्त धडधडतं. सहाच्या आत बाहेर पडा, नाहीतर वेग उतरवा.

काही आठवडे नेम टिकला की एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं, म्हणून बसल्या जागची नाडी संथ होते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. चालणं सोडलंत की हा फायदाही ओसरतो, तेव्हा पावसाळ्यात इमारतीचे जिने चढा.

शेवटी एकदम थांबू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते. पाच मिनिटं रमतगमत चाला.

चालताना छाती आवळली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर तिथेच बसा. गॅस समजून सोडा पिऊ नका, 108 ला फोन लावा.