लग्नाच्या साड्या, डेकोरेशन आणि पत्रिका: हटके आयडिया मुंबईतच कशा शोधायच्या

लग्न ठरलं की नवरीचा, तिच्या बहिणीचा आणि एखाद्या उत्साही वहिनीचा फोन फोटोंनी भरायला लागतो. उदयपूरचे महाल, गोव्याचा बीच, फिक्या गुलाबी रंगाचे लेहेंगे, आणि आपलं लग्न असतं दादरच्या नाहीतर मुलुंडच्या कार्यालयात, सकाळी साडेदहाच्या मुहूर्तावर. ते फोटो वाईट नसतात, पण तेच फोटो सगळ्यांकडे असतात आणि मग एका सीझनमधली सगळी लग्नं एकसारखी दिसतात. मी घरातल्या, मैत्रिणींच्या लग्नांच्या खरेदीत आणि सजावटीत कायम असते, त्यातून माझं एक ठाम मत झालंय की आयडिया आपल्या घरातून आणि आपल्या शहरातून उचलायची, एकच धागा पकडायचा आणि तोच साडीपासून पत्रिकेपर्यंत न्यायचा.

धागा शोधायला सुरुवात करा कपाटापासून. आजीचा शालू, आईची लग्नातली पैठणी, आत्याचं खणाचं परकर-पोलकं, काहीही चालेल. समजा आजीचा वांगी रंगाचा शालू निघाला, त्याला हिरवा काठ आणि सोनेरी कोयरीची बुट्टी. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी त्याचा फोटो काढा, त्यातले तीन रंग निवडा (वांगी, हिरवा, सोनेरी) आणि एक नक्षी निवडा, इथे कोयरी. बस, एवढंच. आता पुढचं जे काही ठरवाल ते या तीन रंगांत आणि या कोयरीत बसतंय का एवढंच बघायचं, त्यामुळे दुकानात गेल्यावर डोकं भिरभिरत नाही आणि खर्चही आपोआप आवाक्यात राहतो, कारण शंभर सुंदर गोष्टींना तुम्ही तिथल्या तिथे नाही म्हणू शकता.

मग जुने अल्बम काढा आणि शक्यतो आजी, मावशी, मोठी काकू यांच्यापैकी कोणालातरी शेजारी बसवून बघा. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत रंग कळत नाहीत पण बाकी भरपूर कळतं, नथ केवढी होती, खोपा कसा घातलाय, मुंडावळ्या मोत्याच्या की फुलांच्या, तन्मणी आणि चिंचपेटी एकत्र घातलीय का. सीकेपी, पाठारे प्रभू, कोळी, आगरी, मालवणी, देशस्थ, प्रत्येक घरची पद्धत वेगळी असते आणि हीच वेगळी पद्धत म्हणजे तुमची स्टाइल, ती कुठल्याही डिझायनरकडे मिळणार नाही.

घरातलं झालं की एक दिवस नुसतं बघायला बाहेर पडा, खरेदी अजिबात नको. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कापडांचं वेगळं दालन आहे, तिथे जुन्या वस्त्रांचे काठ, बुट्टे आणि रंगांच्या जोड्या शांतपणे बघा. राजा रविवर्म्याने 1894 मधे आपला छापखाना आधी गिरगावातच सुरू केला होता, त्याच्या नऊवारीतल्या बायका आणि देवींची चित्रं बघा, मोरपंखीवर कुसुंबी, जांभळ्यावर पिवळा असे धीट रंग शेजारी शेजारी ठेवलेले दिसतील. एम. व्ही. धुरंधरांची (1867–1944) चित्रंसुद्धा शोधा, त्या काळच्या बायकांचं नेसणं, दागिने, पदराची पडण बारकाईने काढलेली आहे. आणि लग्न पुढच्या सीझनला असेल तर गुढीपाडव्याला सकाळी गिरगावच्या शोभायात्रेला जाच. शेकडो नऊवाऱ्या, फेटे, नथी, पारंपरिक दागिने चालत्याबोलत्या माणसांच्या अंगावर दिसतात, कुठल्या उंचीला कुठला काठ शोभतो, उन्हात कुठला रंग उठतो हे मॉडेलच्या फोटोवरून कधीच कळत नाही. एखादीचं नेसणं आवडलं तर विचारा, आनंदाने सांगतात, फोटोसुद्धा विचारूनच काढा.

आता कपडे. साड्यांसाठी हिंदमाता आणि दादर वेस्टचा रानडे रोड पालथा घालायचा, कापड मीटरवर हवं असेल, म्हणजे करवल्यांचे परकर-पोलके, पोरांचे कुर्ते, डेकोरेशनचं कापड, तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट (रविवारी बंद असतं, उगाच फेरी पडेल). लेस, काठ, लटकन, इमिटेशन दागिने याला भुलेश्वर. जाताना आजीच्या शालूचा फोटो नाही, शालूच घेऊन जा, निदान त्याचा ब्लाउज तरी, कारण फोनच्या स्क्रीनवरचा वांगी आणि खरा वांगी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पैठणी घेणार असाल तर पदर उलटा करून बघायची सवय लावा. येवल्याच्या हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, मशीनच्या साडीला मागून मोकळे, कापलेले धागे दिसतात. सेमी पैठणी घेण्यात काहीच वाईट नाही, रिसेप्शनला छान दिसते आणि खिशालाही परवडते, फक्त सेमीला अस्सलचे पैसे देऊ नका, आणि सिल्क मार्कचा, म्हणजे अस्सल रेशमाची खात्री देणारा, टॅग मागा. नक्षी निवडताना आपला धागा आठवा, बांगडी मोर, मुनिया, कमळ, आसावली, नारळी काठ असं बरंच काही समोर येईल, आपल्याला कोयरी हवीय तर साडी काठाची साधी घ्या आणि ब्लाउजच्या पाठीवर कोयरी भरून घ्या.

शिवलेली नऊवारी आता सगळ्यांनाच सोयीची वाटते, खरंच आहे, पण आजीचा शालू किंवा अस्सल पैठणी त्यासाठी कापू नका, प्लीज. सहावारी साधारण साडेपाच मीटर, नऊवारी आठ मीटरच्या वर, त्यामुळे सहावारीतून नऊवारी शिवायची म्हटली की कापाकापी आणि जोड आलेच. त्यापेक्षा शिवायला वेगळी नऊवारी घ्या आणि शालू एखाद्या नेसवणाऱ्या ताईंकडून रिसेप्शनला नेसा. गौरीहर पुजताना नेसायची मामाकडची पिवळी अष्टपुत्री मात्र साधी सुतीच ठेवा असं मी प्रत्येकीला सांगते, तिच्यावर हिरवा चुडा आणि आजीची ठुशी एवढंच घाला, त्या साधेपणात नवरी जितकी सुंदर दिसते तितकी नंतर कशातच दिसत नाही. नवऱ्याचं फार सोपं आहे, धोतर-उपरणं, आणि फेट्याचं कापड आपल्या तीन रंगांतलं. ब्लाउजवाल्याला मात्र तुळशीच्या लग्नाच्या बरंच आधी गाठा, एकदा सीझन सुरू झाला की ट्रायलची तारीखसुद्धा मिळत नाही.

डेकोरेशनची सुरुवात फुलांनी करायची नाही, हॉलने करायची. ज्या वेळेला मुहूर्त आहे त्याच वेळेला कार्यालयात जाऊन उभं राहा, लाइट सगळे लावायला सांगा, स्टेजमागची भिंत कुठल्या रंगाची, छत किती उंच, खांब कुठे ते फोटोत घ्या. शालू स्टेजवर धरून बघा, वांगी रंग पिवळ्या लाइटमधे काळपट दिसू शकतो, तसं झालं तर मागचा पडदा फिका घ्या, मोतिया किंवा हळदी. बऱ्याच कार्यालयांचा डेकोरेटर ठरलेला असतो, बाहेरचा चालतो का, त्याचे वेगळे पैसे पडतात का आणि आधीचं कार्य आवरल्यावर आपल्याला सजवायला किती तास मिळतात, हे तीन प्रश्न बुकिंगच्या आधीच विचारा, तासच कमी असतील तर मोठे मोठे सेट विसरा आणि जे बाहेर तयार करून आणून नुसतं टांगता येईल तेच ठरवा.

फुलांसाठी दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात भल्या पहाटे जा. झेंडू, शेवंती, निशिगंध, अष्टर, गुलाब काय भावाने आहेत आणि कुठलं फूल टवटवीत आहे ते स्वतः बघा. मोगरा उन्हाळ्यात भरपूर, थंडीत महाग, त्यामुळे डिसेंबरच्या लग्नात मोगऱ्याचा अख्खा पडदा मागू नका, निशिगंध घ्या, तो तितकाच देखणा दिसतो. केळीचे खांब, आंब्याचं तोरण, पितळेच्या समया, रांगोळी, पाट-चौरंग यांनी मंडपाला जे रूप येतं ते प्लास्टिकच्या वेलींनी येत नाही. पणत्या, मडकी, रंगवायचे करे धारावीच्या कुंभारवाड्यात मिळतात, लाइटच्या माळा लोहार चाळीत. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, म्हणून कमानीला बांबू, कापड, पुठ्ठा वापरा. लालबाग-परळ भागात गणपतीची मखरं करणारे हात फार कसलेले असतात, त्यांना कोयरीचा कागदी साचा दिलात तर गौरीहराचं मखर अगदी आपल्या शालूसारखं करून मिळू शकेल. रुखवतालाही हेच रंग द्या.

आता पत्रिका, हा माझा सगळ्यात आवडता भाग. गिरगावचा खाडिलकर रोड पत्रिकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, शेकडो नमुने बघायला मिळतात, आणि कागद, पाकिटं, दोरे, स्टिकर स्वतः जमवायचे असतील तर अब्दुल रहमान स्ट्रीट. नमुने नुसते बघू नका, हातात घेऊन कागदाची जाडी, घडी घातल्यावर शाई तडकते का ते बघा. प्रती कमी असतील तर डिजिटल प्रिंट किंवा स्क्रीन प्रिंट परवडतं, जास्त असतील तर ऑफसेट, आणि सोनेरी फॉइलसाठी धातूचा ब्लॉक बनवावा लागतो, त्यामुळे थोड्या पत्रिकांना तो महाग पडतो.

डिझाइनला आपली कोयरी आहेच, शिवाय आपल्याकडे दोन खजिने आहेत. एक सावंतवाडीची गंजिफा, गोल, हाताने रंगवलेले पत्ते, तशा गोल आकाराची पत्रिका किंवा पाकिटावरचं गोल सील किती सुंदर दिसेल बघा. दुसरी वारली. वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर लग्नचौक काढतात, मधे पालघाट देवी असते, तो त्यांच्या विधीचा भाग आहे. म्हणून नेटवरून उचललेली नाचणारी माणसं चिकटवण्यापेक्षा पालघर-डहाणूकडच्या एखाद्या वारली कलाकाराकडून तुमच्यासाठी चित्र काढून घ्या, त्याचे योग्य पैसे द्या आणि त्यांचं नाव पत्रिकेच्या मागे छापा.

अक्षरांकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि पत्रिका तिथेच फिकी पडते. मराठी ल आणि श चं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं, ते आपलंच आहे ना ते तपासा. मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता, बलू, मोदक असे फाँट फुकट मिळतात, टिरो देवनागरी मराठीसुद्धा पत्रिकेच्या मजकुराला देखणा दिसतो. मजकूर मोबाइलवर टाइप करून दिलात की प्रेसवाले कधीकधी तो त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे बदलून घेतात आणि तेव्हा जोडाक्षरं, ऱ्या, ऱ्हा, अनुस्वार हमखास तुटतात, म्हणून पीडीएफ प्रूफ मागा आणि घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना मोठ्याने वाचायला लावा. चि., चि. सौ. कां., कै. कुणापुढे लागतं ते आजोबांकडून एकदा खात्री करून घ्या, नावं राहिली तर माणसं मनाला लावून घेतात. "आमचे येथे श्रीकृपेकरून" जरूर ठेवा, पण बाकी मजकूर तुमच्या घरच्या बोलीत लिहिलात तर जास्त गोड वाटतो.

व्हॉट्सअॅपची पत्रिका मात्र छापील पत्रिकेचा नुसता फोटो असू नये, उभी, वेगळी बनवा, मुहूर्त आणि हॉलचं नाव एवढं मोठं की सत्तरीतल्या काकांना झूम करावं लागू नये. लोकेशनची लिंक खाली वेगळी टाइप करून पाठवा कारण इमेजमधली लिंक दाबता येत नाही, आणि स्टेशनच्या ईस्ट-वेस्टचा घोळ होण्यासारखा असेल तर कुठल्या ब्रिजवरून कुठे उतरायचं तेही एका ओळीत लिहा.